घरच्या विजेचे मोल

"आजोबा, सूर्य उन्हाचे पैसे मागत नाही, मग घरी केलेली वीज फुकटच नव्हे काय?" गच्चीवर सौर पॅनेल बसविले, त्या दिवशी माझ्या नातीने हा प्रश्न विचारला. मीही तेव्हा होकारार्थी मान डोलावली. पुढे अनुभवाने मला निराळे उत्तर शिकविले.

मुलांनो, ऊन फुकट आहे, हे खरे. पण भूमीच्या पोटातील पाणी तरी कोण विकत देतो? त्यासाठी विहीर खणावी लागते, आणि पाणी साठवावयाचे तर हौद बांधावा लागतो. विजेचेही तसेच आहे. सौर पॅनेल ही विहीर आणि बॅटरी हा हौद.

दोहोंचा हिशेब मांडून पाहा. एक किलोवॉटचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देते. त्यासाठी ६०,००० रुपये खर्च आला आणि ते २५ वर्षे टिकले, असे धरा. तेवढ्या काळात सुमारे ३६,५०० युनिट वीज मिळेल. म्हणजे युनिटला पावणेदोन रुपयेही पडत नाहीत. पॅनेलची शक्ती वर्षानुवर्षे थोडी घटते, मधली यंत्रे दुरुस्त करावी लागतात. तरीही हा व्यवहार महाग नव्हे.

आता हौदाकडे वळू. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत १.८ युनिट वीज मावते. बॅटरी अधिक टिकावी म्हणून त्यांपैकी निम्मीच, म्हणजे ०.९ युनिट, रोज वापरावी. १५,००० रुपयांची बॅटरी ५ वर्षे चालली, तर नुसत्या साठवणीचाच खर्च युनिटमागे नऊ रुपयांवर जातो. विजेच्या निर्मितीहून तिची साठवण पाचपटींहून अधिक महाग!

माझी बॅटरी तर तीनच वर्षे टिकली. दोष माझाच. तिच्यात वेळोवेळी ऊर्ध्वपातित पाणी घालावयाचे मी वरचेवर विसरलो. साठवणीचा खर्च युनिटमागे पंधरा रुपयांवर गेला. एका रात्री वीज गेली, आणि नातीला दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेचा अभ्यास मेणबत्तीच्या उजेडात करावा लागला. गच्चीवर सूर्याची विहीर आणि घरात अंधार! त्या रात्री मी फार ओशाळलो.

मग घरी वीज करू नये काय? अवश्य करावी. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेने त्यासाठी अनुदानही दिले. उरलेली वीज तारांवाटे वीज कंपनीला देऊन ती बिलातून वजा करून घेता येते. जेथे वीज क्वचितच जाते, तेथे मोठा हौद बांधणे शहाणपणाचे नव्हे. जेथे ती तासन्‌तास जाते, तेथे गरजेपुरता साठा असलाच पाहिजे. दुर्गम गावच्या दवाखान्यात रात्रभर लसी थंड राखणाऱ्या बॅटरीचे मोल केवळ रुपयांत कसे करावे?

मात्र बॅटरी घेण्यापूर्वी घरातील दिवे पाहावेत. ०.९ युनिट विजेवर ६० वॉटचा जुना दिवा १५ तास जळतो. जवळजवळ तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा १०० तास चालतो. एक पैशाची बॅटरी न वाढविता साठा सहापटींहून अधिक वाढला!

नातीला मी आता सांगतो, "बाळ, ऊन सूर्य देतो, हिशेब, निगा आणि काटकसर मात्र आपली आपणच आणावयाची असते."