समूहगीतातील शेवटची रांग

स्नेहसंमेलन जवळ आले की शाळाशाळांतून समूहगीतासाठी आवाजांची निवड सुरू होते. काही मुलांना परत पाठविले जाते. एखाद्याला शेवटच्या रांगेत उभे करून ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगण्यात येते. कार्यक्रम देखणा व्हावा एवढाच शिक्षकांचा हेतू असतो. परंतु ‘आपल्याला गाता येत नाही’ ही समजूत ते मूल पुढे आयुष्यभर बाळगते.

खानदेशाची परंपरा मात्र वेगळी आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत जळगाव परिसरातील मुली टिपऱ्यांच्या तालावर भुलाबाईची गाणी म्हणतात. श्रावणात जळगाव-धुळ्याच्या घरोघरी कानबाईची अहिराणी गाणी रंगतात. तेथे कोणाच्याही आवाजाची परीक्षा घेतली जात नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्याच्या घरघरीत आणि शेतीच्या कामात त्यांची गाणी जन्मली. पुत्र सोपानदेव व आप्त यांनी ती टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. लिहून घेणारे कोणी नसते, तर केवढे धन हरवले असते!

हीच दृष्टी संगीताच्या वर्गात आणता येते. आरंभ सुराऐवजी लयीने करावा. केरव्याच्या आठ मात्रा निम्म्या वर्गाने टाळ्यांनी द्याव्यात, उरलेल्यांनी त्यावर गावे आणि मग अदलाबदल करावी. ज्याला सूर सापडत नाही, तो ताल सांभाळतो. कमी ऐकू येणाऱ्या मुलाने ढोलकीच्या खोडावर तळहात ठेवला, तर ठोका त्याला हाताने कळतो. बोलताना अडखळणारी अनेक मुले गाताना अडखळत नाहीत. साक्री-शिरपूरकडील आदिवासी मुलाला त्याच्या घरचे गाणे वर्गाला शिकविण्याचा मान द्यावा; त्या तासापुरता तोच गुरू.

शालेय संगीताला ज्यांच्या कार्याचा आधार लाभला, त्या पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी बालपणीच फटाक्याच्या अपघाताने अधू झाली होती. त्यांनीच १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन करून संगीतशिक्षण सामान्य घरांपर्यंत आणले. दिव्यांग विद्यार्थ्यांना खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने मिळावी, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही सांगतो.

सर्वांना सामावून घेतल्यास एखादे समूहगीत किंचित बेसूर होईल, हे खरे. ती किंमत फार नाही. संमेलनाहून परतताना पालकांनी ‘गाणे कसे झाले?’ याबरोबर ‘कोणाला वगळले नाही ना?’ हेही विचारावे. असे विचारणारे पालक वाढले, तर शेवटच्या रांगेतील ओठांनाही आवाज मिळेल.