फंडाची नोंद आजच तपासा!

देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली की वाटे तिथंच, वाळूवर पडतात. जाळं कुणाचं, होडी कुणाची, दोराला हात कुणाकुणाचे, हे साऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. कुणाचा वाटा चुकला तर जागच्या जागी बोलता येतं. पण याच गावचा मुलगा गोव्यात हॉटेलात किंवा मुंबईत कारखान्यात कामाला लागला की त्याचा म्हातारपणचा वाटा दूरच्या कुठल्या तरी दप्तरात लिहिला जातो. तो बरोबर लिहिला गेला की नाही, हे वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी पाहिलं आहे?

हा वाटा म्हणजे भविष्य निर्वाह निधी. आपल्या बोलण्यातला ‘फंड’. सिंधुदुर्गाला तो नवा नाही. १९५२ चा कायदा ज्या सहा उद्योगांना प्रथम लागू झाला त्यांत कापडगिरण्या होत्या, आणि गिरणगाव तर कोकणच्या माणसांनी भरलेलं. फंडाच्या पैशातून गावच्या घरांवर कौलं चढली, मुलींची लग्नं पार पडली. त्या काळी गिरणी एक आणि नोकरी जन्माची असायची. आज तसं राहिलेलं नाही. दोन वर्षं हॉटेलात, मग एखाद्या कंत्राटदाराकडे पहारेकरी, मग आणखी कुठे तरी; पावसाळ्यात धंदा मंदावला की काम सुटतं, ऑक्टोबरात पुन्हा लागतं. जितक्या नोकऱ्या तितक्या नोंदी, आणि जितक्या नोंदी तितक्या चुका.

चूक झाली तर बिघडतं काय, असं कुणी विचारील. त्याचा हिशेब पाहा. १६ नोव्हेंबर १९९५ पासून फंडाला पेन्शनची जोड मिळाली. ही पेन्शन ५८ व्या वर्षापासून मिळते, पण त्यासाठी दहा वर्षांची सेवा लागते. शेवटचे सहा महिने किंवा अधिक भरले तर ते पूर्ण वर्ष धरतात. आता समजा, एकाने हॉटेलात सहा वर्षं काढली आणि कंत्राटदाराकडे तीन वर्षं आठ महिने. बेरीज नऊ वर्षं आठ महिने, म्हणजे दहा धरून पेन्शन लागू. पण हॉटेलच्या कारकुनाने नोकरी सोडल्याची तारीख तीन महिने अलीकडची टाकली, तर बेरीज होते नऊ वर्षं पाच महिने. पेन्शन गेली! हातात पडते ती एकरकमी रक्कम. एका आकड्याने जन्माचा घास जातो, तो असा.

तारखांखेरीज इतर चुकाही आहेत. घरी एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. लग्नानंतर बदललेलं आडनाव. एका माणसाचे दोन क्रमांक. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे ज्या कंपनीचं तोंडही पाहिलं नाही, तिथं आपण नोकरीला होतो अशी नोंद. एकाच काळात दोन ठिकाणी नोकरी दिसली की पैसे एका खात्यातून दुसऱ्यात नेताना अडचण येते. केवळ या कारणावरून अर्ज फेटाळू नये, असं भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०२५ मध्ये आपल्या कार्यालयांना कळवलं आहे, हे लक्षात ठेवा.

तेव्हा करायचं काय? २०१४ पासून प्रत्येक सभासदाला बारा आकडी यूएएन क्रमांक आहे. तो पगाराच्या पावतीवर शोधा, नाही तर मालकाकडून मागून घ्या. नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ या क्रमांकाला मिस्ड कॉल दिलात तर शेवटची वर्गणी आणि शिल्लक कळते. पण तेवढ्यावर थांबू नका. पासबुक आणि सेवेचा तपशील काढून लागल्याची व सोडल्याची तारीख ताडून पाहा. ज्यांचा क्रमांक १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा असून आधारशी पडताळलेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, लागल्याची व सोडल्याची तारीख जानेवारी २०२५ पासून स्वतःच दुरुस्त करता येते. जुना क्रमांक असेल तर मालक आणि कामगार दोघांच्या सहीचं संयुक्त निवेदन द्यावं लागतं. न केलेल्या नोकरीची नोंद खात्यापासून वेगळी करण्याची सोयही २०२५ मध्ये झाली. त्या नोंदीवर वर्गणी भरलेली असेल तर मात्र रीतसर तक्रार करा.

आणि कंपनीच बंद पडली असेल तर? तरी वाट आहे. अशा वेळी निवेदनावर राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, बँकेचा मॅनेजर, सरपंच यांच्यासारख्यांची साक्षांकित सही चालते. पण सही मिळाली तरी पुरावा आपणच द्यायचा असतो. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, ओळखपत्र हे सारं होळीत जाळू नका, की मुलांना होड्या करायला देऊ नका. ‘कागद आसा तर हक्क आसा’, एवढं मनाशी पक्कं धरा.

मात्र सगळा बोजा कामगारावरच टाकून भागणार नाही. नोंद करणारा एक आणि भोगणारा दुसरा, ही कुठली रीत? कामगार सोडून गेला की त्याची तारीख त्याच महिन्यात, त्याला दाखवून लिहिणं हे मालकाचं काम आहे. कार्यालयांनीही थोडं खाली उतरावं. देवबागच्या माणसाला कामाचा दिवस बुडवून, घाट चढून कोल्हापूरला जाणं परवडत नाही. संघटना २०२३ पासून दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिरं घेते. आमची मागणी एवढीच, की वर्षातून एक शिबिर गणपतीच्या दिवसांत मालवणात घ्यावं. तेव्हा मुंबई-गोव्याचा चाकरमानी घरी असतो, कागदांची पेटी घरी असते आणि सही करणारा सरपंचही गावात भेटतो.

तोवर, वाचकहो, वाट पाहत बसू नका. कंपनी चालू आहे, कारकून जागेवर आहे, तोवर चूक एका सहीने सुटते. तीच ५८ व्या वर्षी काढायला गेलात तर साक्षीदारही उरलेला नसतो. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला. पण त्याआधी आपलं पासबुक एकदा उघडून वाचा.