बिघडलेला बोर्ड मुलांसमोरच उघडा



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आपल्यातले बरेच जण रात्री घरी बसून मुलांचं उपकरण दुरुस्त करतात. मीही करायचे. यंदा एका छोट्या बोर्डाने माझी ही सवय मोडली.

सातवीच्या मुलांना, माती कोरडी झाली की रोपांना आपोआप पाणी देणारं उपकरण करायचं होतं. बोर्ड विकतचा नको, आपणच बनवू असं ठरलं. तांब्याचा थर असलेल्या बोर्डावर नकाशा उमटवला. फेरिक क्लोराईडचं काम मी हातमोजे घालून स्वतः केलं. मग २८ पायांची एटीमेगा३२८पी ही आयसी सॉकेटमध्ये बसवली आणि शाळेतला अर्डुइनो उनो प्रोग्रामर म्हणून जोडला. पण प्रोग्राम काही चढेना!

या आयसीची एक ठरलेली ओळख असते : १ई ९५ ०एफ. संगणकाला त्या जागी नुसती शून्यं दिसत होती. म्हणजे आयसी बोलतच नव्हती.

दोन संध्याकाळी मी प्रोग्राम बदलत बसले, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. प्रदर्शनाला चार दिवस उरले. एक सहकारी म्हणाले, "मॅडम, तयार बोर्ड लावा नि मोकळ्या व्हा. परीक्षक फक्त चालतंय का ते बघतात." खरं सांगते, मी तयारही झाले होते. पण एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग आपल्या बोर्डाला झालं काय होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोर्ड वर्गातच उघडला. फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. वीज पोचते का? रिसेट बरोबर आहे का? तारा योग्य पायांना जातात का?

पाय ७ आणि २० वर ५ व्होल्ट मिळाले, ८ आणि २२ ग्राउंडला होते. पाय १, म्हणजे रिसेट, १० किलोओहमच्या रोधातून ५ व्होल्टला जोडलेला होता. तोही ठीक. मग वीज बंद केली, आयसी काढली आणि मल्टिमीटर 'बीप'वर ठेवला. प्रोग्राम चढवायच्या मोसी, मिसो आणि एससीके या तीन तारा अनुक्रमे १७, १८, १९ या पायांना जायला हव्यात. मुलांनी वहीत तक्ता केला : कुठून, कुठे, वाजलं का.

"मॅडम, मधली वाजते, कडेच्या दोन्ही नाही वाजत!"

एका मुलीने मोसीच्या खुणेवरून दुसरं टोक १९ला लावलं. वाजलं! तिने बोर्ड पालथा करून पाहिला आणि म्हणाली, "हे आरशासारखं झालंय."

अगदी बरोबर. तारांची नावं लिहिताना मी क्रम तांब्याच्या बाजूने पाहिला होता आणि आयसी होती वरच्या बाजूला. पालथं केलं की डावं-उजवं बदलतं, मधलं मात्र मध्येच राहतं. चूक माझीच होती. दोन तारांची अदलाबदल केली, ओळख बरोबर आली, प्रोग्राम चढला.

रुग्णवाहिकेवरची उलटी अक्षरं दाखवून आरशातली प्रतिमा मी दरवर्षी शिकवते. पण त्या दिवशी ती मुलांच्या कामाला आली.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, उपकरण बिघडलं की खरा पाठ सुरू होतो आणि आपण तोच पाठ रात्री घरी एकटेच घेतो. डी.एड.ला आम्ही पाठ टाचणात उद्दिष्ट, साहित्य, मूल्यमापन असे रकाने भरले. 'फसलं तर' असा रकाना कधी आखला नाही.

कुणी म्हणेल, वेळ कुठाय? आम्हाला एक तासिका लागली. माझ्या दोन संध्याकाळी मात्र फुकट गेल्या, कारण मी एकदम चार गोष्टी बदलत होते. मुलांनी एका वेळी एकच गोष्ट तपासली. अर्थात हे ५ व्होल्टचं काम होतं. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर असले प्रयोग नकोत.

प्रदर्शनात आमचा नंबर आला नाही. पण प्रत्येक उपकरणाशेजारी 'चुकांची वही' ठेवावी आणि परीक्षकांनी "चालतं का?" बरोबर "कुठे अडलं होतं?" हेही विचारावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या मुलांनी या प्रश्नाचं उत्तर धडाधड दिलं असतं.

तुमच्या वर्गात काय फसलं होतं? पुढच्या वेळी ते मुलांसमोरच उघडून बघा.