‘दुर्गम’ सुरगाणा: एका शब्दाचा इतिहास

१/
२०२२ च्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांनी ‘आम्हांला गुजरातमध्ये सामील करा’ अशी मागणी केली. वाद भाषेचा नव्हता. रस्ते, पाणी आणि दवाखाना यांचा होता. अशा गाऱ्हाण्यांना नेहमीचे उत्तर ठरलेले असते: तालुका ‘दुर्गम’ आहे. हा धागा त्या एका शब्दाची झडती घेतो.

२/
दुर्गम म्हणजे जेथे जाणे कठीण. इतिहास मात्र निराळे सांगतो. सुरत बंदर आणि दख्खन यांना जोडणाऱ्या वाटा याच डोंगररांगांतून जात. त्यांवर नजर ठेवणारा हातगड आजच्या सुरगाणा तालुक्यातच उभा आहे. शेजारच्या बागलाणाचे महत्त्वही या वाटांमुळेच होते. औरंगजेबाने १६३८ मध्ये ते राज्य जिंकून घेतले.

३/
ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली आणि ते बागलाणमार्गे परतले. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरी येथे मोगलांशी लढाई झाली. लुटीच्या ओझ्यासह एक संपूर्ण सैन्य या मुलखातून गेले. डोंगर तेच होते, पाऊसही तोच होता.

४/
पुढे इंग्रज आले. १८४२ मध्ये त्यांनी सुरगाण्याला लागून असलेल्या डांगची जंगले तेथील भिल्ल राजांकडून पट्ट्याने घेतली. हवा होता तो साग. १९१३ मध्ये बडोदे संस्थानची बिलिमोरा-वघई अरुंदमापी रेल्वे सुरू झाली. लांबी सुमारे ६३ किलोमीटर. लाकूड बाहेर न्यायचे होते, तेव्हा याच पावसात रूळ टिकले.

५/
मग माणसांच्या रस्त्यांचे काय? मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीनसाऱ्यावर रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर पक्का झाला. त्यातील दोन तृतीयांश रस्त्यांसाठी, एक तृतीयांश शाळांसाठी. वरवर न्याय्य दिसणाऱ्या या व्यवस्थेत एक मेख होती: रस्त्याचा पैसा साऱ्याला बांधलेला होता.

६/
नागली-वरई पिकवणाऱ्या डोंगरउतारांचा सारा थोडा. म्हणून उपकर थोडा. म्हणून रस्तेही थोडे. त्याच डोंगरातील सागाचे उत्पन्न वनखात्याच्या खजिन्यात जाई. १८७८ मध्ये खालसा झालेल्या शेजारच्या पेठला हा हिशेब लागू झाला. सुरगाणा संस्थानच राहिले. तेथे जिल्हा लोकल बोर्डाचा हात पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता.

७/
१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. आता कमतरता मालकांची राहिली नाही; उलट मालक वाढले. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, ग्रामीण रस्ता जिल्हा परिषदेचा, जंगलातील वाट वनखात्याची, गावातील गल्ली ग्रामपंचायतीची. खड्डा मात्र कोणाचाच नाही.

८/
गेल्या दशकात सुरगाणा शहराला नगरपंचायत मिळाली. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार सार्वजनिक रस्ते बांधणे, त्यांची देखभाल करणे आणि त्यांवर दिवाबत्ती करणे हे तिचे अनिवार्य कर्तव्य आहे. परंतु लहान बाजारगावाच्या घरपट्टीतून किती रस्ते सांभाळले जाणार? कर्तव्य स्थानिक आणि तिजोरी मुंबईत. १८६९ चा हिशेब नव्या वेषात परत आला.

९/
रस्ता गाड्यांनी जितका मरतो, त्याहून अधिक पाण्याने मरतो. गटार तुंबते, मोरी बुजते, पाणी डांबराखाली शिरते, खडी सुटते. उपाय साधा आहे: मृगापूर्वी गटारे उपसणे, बाजूपट्ट्या दुरुस्त करणे, पहिला खड्डा त्याच आठवड्यात भरणे. यासाठी पूर्वी सरकारी रस्त्यांवर मैलकुली असत. आपल्या टप्प्यातील प्रत्येक मोरी त्यांना ठाऊक असे.

१०/
आज मैलकुलीची जागा निविदेने घेतली. नवीन रस्त्याचे भूमिपूजन होते, फलक लागतो. उपसलेल्या गटाराचे उद्घाटन कोणी करीत नाही. २००० पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. त्या पाच वर्षांत खड्डा पडला, तर नवा निधी मागण्याचे कारणच नाही. जुना करार दाखवला की पुरे.

११/
‘वनखात्याची परवानगी मिळत नाही’ हा दुसरा आक्षेप. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार ग्रामसभेच्या शिफारशीने रस्ता, शाळा, दवाखाना अशा कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. झाडे हेक्टरी ७५ पेक्षा अधिक तोडता येत नाहीत. हा दरवाजा कायद्याने उघडलेला आहे.

१२/
येथे शहराचा एक वेगळाच पेच आहे. सुरगाणा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतो. ग्रामपंचायत असेपर्यंत १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला अधिकार देतो. नगरपंचायत होताच ती ग्रामसभा नाहीशी होते. राज्यघटनेचे कलम २४३-यग सांगते की, संसदेने कायदा केल्याशिवाय नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्रांना लागू होत नाही. तसा कायदा अद्याप झालेला नाही. म्हणजे जाब विचारण्याची जुनी जागा गेली आणि नवीचा पायाच वादग्रस्त.

१३/
या अन्यायाची झळ प्रथम पायी चालणाऱ्याला बसते. आठवडे बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईला पदपथ नसतो. असलाच तर त्यावर दुचाकी उभी असते. गर्भवतीला झोळीतून न्यावे लागते, तेव्हाच त्या वाटेची बातमी होते. एरवी ती वाट कोणत्याही नोंदवहीत नसते.

१४/
म्हणून मागणी नोंदवहीपासूनच सुरू झाली पाहिजे. प्रत्येक रस्ता कोणाचा, कधी बांधला, ठेकेदाराची जबाबदारी कोणत्या तारखेपर्यंत, या वर्षी देखभालीवर किती खर्च झाला, हे फलकावर आणि कार्यालयाबाहेर लिहिले जावे. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांना अशी माहिती आपणहून जाहीर करायला सांगते. मोजमाप पुस्तिका हासुद्धा इतिहासाचा कागद आहे. शिलालेखाइतक्याच काळजीने तो वाचला पाहिजे.

१५/
सुरगाण्याचे डोंगर सुरतेच्या व्यापाऱ्याला अडवू शकले नाहीत, मराठ्यांच्या सैन्याला नाही, डांगच्या सागालाही नाही. ते केवळ सुरगाणेकरांनाच अडवतात, असे म्हणणे हा भूगोलावर घातलेला खोटा आळ आहे. ‘दुर्गम’ हा शब्द शासकीय कागदावर पुन्हा दिसला, की त्याच्यापुढे एक प्रश्न लिहावा: कोणासाठी?

(धागा समाप्त)