आधी सोल्डरिंगचे टेबल मांडा

विद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे तयार संच विकत घेण्याचा विचार चालू असल्याचे माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत कळले. त्यामागील तळमळ मी जाणतो. तरीही माझे मत असे, की संचांआधी सोल्डरिंगचे एक टेबल मांडावे.

एका छोट्या कारखान्यात नव्या उपकरणांचे पहिले नमुने जोडणे हे माझे काम आहे. पहिला नमुना बहुधा चुकतोच. बोर्ड बाहेरून जोडून आणला, तर चूक कळेपर्यंत पंधरवडा जातो. स्वतःच्या टेबलावर ती दुपारी सापडते आणि संध्याकाळी निस्तरता येते. पंचवीस वॅटचे आयर्न, सोल्डरची तार, डॉट बोर्ड, साधा मल्टिमीटर आणि चुकलेले सोल्डर ओढून घेणारा पंप, एवढ्यावर आरंभ होतो.

कल्हईवाल्याला नवसागर टाकून तापल्या भांड्यात कथील फिरवताना ज्यांनी पाहिले, त्यांना निम्मे तत्त्व ठाऊक आहे. नवसागर धातूवरचा मळ काढतो, म्हणून कथील धरते. येथे ते काम तारेतील राळ करते. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला वितळते. नवखा मुलगा तार आयर्नच्या टोकावर वितळवून थेंब सांध्यावर ठेवतो. तो चिकटल्यासारखा दिसतो, पण धरत नाही. आधी पॅड आणि घटकाचा पाय तापवावा, मग तार त्यांना लावावी. असा एक कच्चा सांधा शोधण्यात मी तीन रात्री घालविल्या. त्या रात्रींत सर्किट जेवढे कळले, तेवढे पुस्तकातून कळले नव्हते.

मुलाच्या हाती पुन्हा हत्यार दिसले, की आपल्या पालकांना धास्ती वाटते. पिढ्यान्‌पिढ्या लादलेल्या कष्टांतून ज्यांनी मुलांना बाहेर काढले, त्यांची ती धास्ती निराधार नाही. पण येथे हाताबरोबर आराखडाही मुलाचाच असतो, हा भेद मोठा आहे. महागडा संच मात्र मोडेल या भीतीने कपाटात कुलूपबंद राहतो.

मर्यादाही आहेत. पोटाखाली जोड असलेल्या चिपा साध्या आयर्नने जोडता येत नाहीत. राळेचा धूर दम्याला वाईट, म्हणून टेबल खिडकीशी हवे. शिशामुळे तेथे खाणे वर्ज्य आणि उठताना साबणाने हात धुणे सक्तीचे. लहान वर्गांना शिसेविरहित तारच द्यावी. तिला उष्णता थोडी अधिक लागते, इतकेच.

पहिल्या वर्षाचा खर्च आमच्या तुकडीने उचलावा, असे मी मित्रांना सुचविले आहे. महिन्यातील एक रविवार माझा.