आवाज कुठून येतो, याआधी आवाज कधी येतो

पावसाळा सरत आला की पुण्यातल्या पौड रोडवरच्या गॅरेजांत एकाच धाटणीच्या तक्रारी येऊ लागतात. मागून घूं-घूं ऐकू येतं, वळताना गाडी अडखळते, डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागलाय. शनिवार-रविवारी पिरंगुट, पौड करत मुळशीच्या जलाशयाकडे गेलेल्या, ओढ्यात घातलेल्या, चिखलात रुतवून काढलेल्या, ताम्हिणी उतरून-चढून आलेल्या या गाड्या. मालकाच्या हातात थेट एस्टिमेट पडतं, ‘डिफरन्शियल असेंब्ली बदलावी लागेल.’ आकडा बघून माणूस खुर्चीतच बसतो. माझं म्हणणं सरळ आहे. गाडी चालवून न बघता आणि डिफरन्शियलच्या हाऊसिंगमधलं तेल न काढता कुणी असेंब्ली बदलायला सांगत असेल, तर त्या कागदावर सही करू नका.

आधी आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते माहीत हवं. शोरूममध्ये हे कुणी धड सांगत नाही, याचा मला खरोखर राग येतो. जुनी जिप्सी, थार, जिम्नी, गुरखा या गरजेपुरत्या फोर बाय फोर. एरवी, म्हणजे टू-हायमध्ये, फक्त मागची चाकं ओढतात. फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात. मध्ये वेगातला फरक सामावून घेणारा डिफरन्शियल नसतो. २०१४ साली आलेली डस्टरची ऑल-व्हील-ड्राइव्ह, आपल्याच जिल्ह्यात रांजणगावला बनणारी कंपास आणि चाकणला बनलेली एक्सयूव्ही ७०० यांच्या चारही चाकं ओढणाऱ्या मॉडेलांचं काम निराळं. त्यांत मागच्या एक्सलकडे किती जोर पाठवायचा ते क्लचचा कपलिंग आणि संगणक ठरवतात.

हा फरक कळला की निम्मे ‘बिघाड’ बिघाड नसतातच, हे लक्षात येतं. ताम्हिणीत पाऊस पडून गेलेला असतो, रस्ता सुकतो, पण थारवाल्याने फोर-हाय तसंच ठेवलेलं असतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात, दोन्ही शाफ्ट मात्र एकाच वेगाने बांधलेले. ओल्यात, चिखलात टायर थोडे घसरून हा हिशेब मिटवतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही. मग स्टिअरिंग जड होतं, टायर चरचरतात, शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि लिव्हर टू-हायला यायला नकार देतो. गाडी सरळ धरून थोडी मागे घ्या, पीळ सुटतो, लिव्हर सुटतो. तशीच रेटत राहिलात तर मात्र खरोखर काहीतरी मोडेल. थारच्या ज्या मॉडेलला मागे आपोआप लॉक होणारा डिफरन्शियल आहे, तिथे एक चाक चिखलात गरगरलं की ‘थड’ असा आवाज होऊन तो लॉक होतो. तो आवाज लॉक आपलं काम करत असल्याचा आहे.

आता खऱ्या बिघाडाकडे. चांगला मिस्त्री ‘आवाज कुठून येतो’ हे नंतर विचारतो. आधी विचारतो, कधी येतो? पाय दाबल्यावर, पाय सोडल्यावर, की वळताना?

पौडच्या पुढे सरळ, मोकळा पट्टा मिळाला की खिडक्या बंद करा, एसी-रेडिओ बंद. ठरावीक वेगाला अॅक्सिलरेटर दाबल्यावर चिरका सूर लागतो आणि पाय सोडला की तो विरतो, किंवा बरोबर उलटं होतं, तर संशय डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनच्या दातांवर घ्यायचा. दाताची एक बाजू गाडी ओढताना टेकते, दुसरी गाडी इंजिनावर रोखताना. पाय दाबा किंवा सोडा, आवाज तसाच राहतो आणि फक्त वेगाबरोबर वाढतो, तर बेअरिंग. त्यातही उजवीकडे वळताना वाढत असेल तर डाव्या बाजूचं चाकाचं बेअरिंग आधी तपासायचं, कारण वळताना वजन तिकडे जातं. सिमेंटवरून डांबरावर आल्यावर सूर बदलला, तर तो आवाज टायरचा आहे.

आणखी एक खूण, जी मला फार मोलाची वाटते. डिफरन्शियलच्या पोटातली छोटी दातेरी चाकं सरळ रस्त्यावर एकमेकांवर फिरत नाहीत. डाव्या-उजव्या चाकांचा वेग वेगळा झाला तरच फिरतात. म्हणून सरळ जाताना होणाऱ्या आवाजाचा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. फक्त वळताना आतून खडखड आली तर ती छोटी चाकं तपासायची. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोकळ्या जागेत सावकाश गोल फिरवताना कट-कट-कट ऐकू आलं, तर चाकाला जोर पोचवणाऱ्या शाफ्टचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलेलं असतं आणि रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. बूट फाटल्या-फाटल्या लक्षात आलं, तर काम बूट आणि ग्रीसवर भागतं; चिखल आत गेल्यावर जॉइंट जातो.

गिअर टाकल्यावर ‘ठक्’ होत असेल तर चाकांना आधीच अडण्या लावून गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक सोडा आणि खाली शिरून प्रोपेलर शाफ्ट हाताने मागे-पुढे पिळून बघा. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये अजिबात प्ले चालत नाही. त्याच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली की तो क्रॉस संपला. डिफरन्शियलला हात लावण्याआधी हे बघायला काही मिनिटं पुरतात.

मुळशीत सगळ्यात जास्त नुकसान पाणी करतं. घाट चढून तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की हाऊसिंगमधली हवा आक्रसते. वर ब्रीदर नावाची छोटी नळी असते, हवा आत-बाहेर जायची वाट. ती चिखलाने बुजली असेल, तर आत ओढ निर्माण होते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी शिरतं. ब्रीदरच पाण्याखाली गेला, तर तिथूनच पाणी आत येतं. बाहेरून काहीच दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग गुणगुणायला लागतं. अशाच एका गाडीचा तेल काढायचा प्लग उघडताना मी बघितला आहे. काळं-तपकिरी यायला हवं ते तेल दुधाच्या चहासारखं फेसाळून ट्रेमध्ये पडलं, आणि प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी लगदा होता. मिस्त्रीने तो चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळला. काजळासारखा मऊ लागला, म्हणजे नेहमीची झीज. कण किंवा टोकदार तुकडे लागले असते, तर दात किंवा बेअरिंग तुटत असल्याची खात्री. त्या गाडीला नवं तेल, नवा सील आणि साफ केलेला ब्रीदर एवढ्यावर भागलं. म्हणून माझा आग्रह आहे, या भागात गाडी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात घातली असेल, तर सर्व्हिसच्या किलोमीटरची वाट बघू नका. त्याच आठवड्यात दोन्ही एक्सल आणि पुढे-मागे जोर वाटणारी ट्रान्सफर केस यांचं तेल बघा. भरताना पुस्तकात लिहिलेलंच तेल भरा.

कपलिंगवाल्या गाड्यांचा छुपा शत्रू म्हणजे बेजोड टायर. पुढे नवे दोन घातले, मागे झिजके ठेवले, असं आपल्याकडे सर्रास चालतं. साधारण ३५ सेंटीमीटर त्रिज्येच्या टायरमध्ये ५ मिलिमीटरचा फरक असेल, तर दर किलोमीटरला झिजकं चाक सहा-साडेसहा फेरे जास्त मारतं. पन्नास किलोमीटरला तीनशेच्या वर. संगणकाला वाटतं चाक घसरतंय, कपलिंग राबत राहतो, तापतो, दिवा लागतो. स्कॅनर फक्त ‘कपलिंग गरम’ एवढंच दाखवतो. टायरची खोली मोजणं त्याच्या हातात नाही, ते माणसानेच करायचं असतं. स्कॅनरचा कोड वाचून पार्ट मागवणाऱ्या गॅरेजात हीच गोष्ट सुटते.

शेवटी टोइंगबद्दल, कारण इथे धडधाकट गाड्याही मरतात. ताम्हिणीत ऑल-व्हील-ड्राइव्ह बंद पडली की मिळेल ती क्रेन येते, पुढची चाकं उचलते आणि मागची रस्त्यावर फिरवत पुण्यापर्यंत ओढत आणते. एक एक्सल थांबलेला, दुसरा फिरतोय. मधला कपलिंग तेवढा सगळा रस्ता घासला जाऊ शकतो. इंजिनाची तक्रार घेऊन निघालेली गाडी गॅरेजला पोचते ती ड्राइव्हट्रेनची दुसरी तक्रार घेऊन. रोडसाइड असिस्टन्सला फोन करतानाच सांगा, गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, फ्लॅटबेडच पाठवा. उचलणारी क्रेनच आली, तर मागच्या चाकांखाली ट्रॉली लावायला सांगा आणि ती नसेल तर क्रेन परत पाठवा. घाटात मोबाइलची रेंज जाते-येते, त्यामुळे हा फोन रेंज असेल तिथूनच करून घ्या, आणि फ्लॅटबेड यायला दोन तास लागले तरी थांबा.