मोटरला आधी वीज, मग आज्ञा

शाळा-कॉलेजांत आर्डुइनो शिकवणाऱ्यांमध्ये एक मत आता जवळजवळ रूढ झाले आहे. नवशिक्या मुलाला ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर, डेटाशीट यांत अडकवू नका. मोटर जोडून द्या, चार ओळींचा प्रोग्राम द्या, चाक फिरू द्या. चाक फिरले की गोडी लागते आणि गोडी लागली की बाकीचे मूल आपणहून शिकते, असे हे मत. त्यामागची कळकळ मला मान्य आहे. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी आर्डुइनोचा जन्म झाला तोच मुळी डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या माणसालाही हे जमावे, हाच हेतू होता. तरीही मोटरच्या बाबतीत हे मत चुकीचे आहे आणि त्याने मुलांचे नुकसान होते, असे माझे ठाम म्हणणे आहे.

एलईडीपुरते ते खरे आहे. एलईडीच्या मागे एक रोधक लावला की ती दहा-पंधरा मिलिअँपिअर घेते आणि रात्रभर तेवढेच घेत राहते. मोटर अशी ठरावीक प्रवाहावर राहत नाही. आपल्याकडच्या दुकानांत ‘बीओ मोटर’ म्हणून मिळणारी पिवळी गिअरवाली मोटर घ्या. सहा व्होल्टवर मोकळी फिरताना ती दीडशे-पावणेदोनशे मिलिअँपिअरवर भागवते. चाक हाताने धरून ठेवा, तीच मोटर दीड अँपिअरच्या आसपास जाते. कारण फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचा दाब निर्माण करते आणि प्रवाह आवरते. थांबलेल्या मोटरीत तो दाब नसतो, उरतो फक्त वाइंडिंगचा तीन-चार ओहमचा रोध. आणि प्रत्येक मोटर सुरू होण्याच्या क्षणी थांबलेलीच असते. विहिरीवरचा पंप सुरू होताना वस्तीवरचे दिवे क्षणभर मंदावतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांनी हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पाहिलेली आहे.

आता पहिला आक्षेप. ‘आम्ही मोटर थेट पिनला जोडली आणि ती फिरली की!’ फिरली असेल. मोबाइलमधली बटणाएवढी व्हायब्रेशन मोटर साठ-ऐंशी मिलिअँपिअरवर चालते. ती पिनवर थरथरते, कधी नीट फिरतेही. पण आर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या डेटाशीटमध्ये एका पिनसाठी ४० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा दिली आहे आणि पिनचे गुणधर्म २० मिलिअँपिअरला मोजले आहेत. ४० हा आकडा वापरण्यासाठी नसतो. त्याच्या पुढे चिपची हमी कोणी देत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्या पिना मिळून, म्हणजे चिपच्या पुरवठ्याच्या पायातून, २०० मिलिअँपिअर. दीड अँपिअरची मोटर या हिशेबात बसतच नाही. शिवाय मोटर बंद होताना वाइंडिंगमधला प्रवाह एका क्षणात थांबायला तयार नसतो. वाट मिळाली नाही तर तो दाब वाढवून वाट काढतो. तो फटका पिनच्या आतल्या चिमुकल्या डायोडांवर बसतो आणि ते त्यासाठी बनवलेले नाहीत. वेग कमी-जास्त करण्यासाठी पीडब्ल्यूएम लावला तर उनोच्या बहुतेक पिनांवर सेकंदाला सुमारे ४९० वेळा हे घडते. चिप त्या दिवशी जळत नाही. दोन आठवड्यांनी एक पिन काम करेनाशी होते आणि कारण कुणालाच आठवत नाही.

दुसरा आक्षेप बॅटरीचा आहे, आणि मुलांचे सर्वाधिक प्रकल्प त्यानेच बुडवले आहेत. ‘बोर्डाला पाच व्होल्ट लागतात, मोटरला सहा, नऊ व्होल्टची बॅटरी म्हणजे भरपूर झाले.’ व्होल्ट भरपूर आहेत, पण प्रवाह देण्याची ताकद नाही. ती चौकोनी बॅटरी स्मोक अलार्म, मल्टिमीटर, लहान रेडिओ अशा थोडक्यात भागणाऱ्या वस्तूंसाठी आहे. नव्या अल्कलाइन बॅटरीचाही अंतर्गत रोध साधारण दीड-दोन ओहम असतो, साध्या स्वस्त बॅटरीचा त्याहून बराच जास्त. दोन बीओ मोटरींनी सुरुवातीला मिळून दोन अँपिअर जरी मागितले तरी तीन-चार व्होल्ट बॅटरीच्या पोटातच खर्च होतात. बाहेर उरतात पाच-सहा. उनोच्या व्हीइन पिनला किमान सात लागतात, म्हणजे बोर्डाचे पाच व्होल्ट ढासळले. मधल्या एल२९८एन ड्रायव्हरने आणखी दोनेक खाल्ले, म्हणजे मोटरला चारही धड मिळत नाहीत.

पुढचे नीट समजून घ्यायला हवे. उनोवरची चिप पुरवठा २.७ व्होल्टच्या खाली गेला की स्वतःला रीसेट करते. पण १६ मेगाहर्ट्झच्या वेगाला ती नीट चालण्याची हमी सुमारे ३.८ व्होल्टपर्यंतच आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात चिप बंदही पडत नाही आणि भरवशाने चालतही नाही. रोबो डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळतो, सेन्सर भलतेच आकडे देतो, कधी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. विद्यार्थी काय करतो? प्रोग्राम उघडतो. विलंबाचे आकडे बदलतो, लायब्ररी बदलतो, रात्र घालवतो. प्रोग्राम पहिल्यापासून बरोबर होता. बोर्डाच्या पाच व्होल्टवर एसजी९० सर्व्हो लावणाऱ्यांचेही हेच होते: अडला की तो सहा-सातशे मिलिअँपिअर मागतो, आणि यूएसबीच्या वाटेवरचा उनोचा फ्यूज पाचशेचा आहे.

म्हणूनच ‘बोर्ड स्वस्त आहे, जळला तर जळू दे, त्यातूनच शिकेल’ हे म्हणणे मला मान्य नाही. जळलेल्या बोर्डाचे मला दुःख नाही. न जळलेल्या बोर्डाचे आहे, जो मुलाला चुकीचा धडा देतो: आपल्याला कोडिंग जमत नाही. गोडी आधी, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. गोडी अपयशाने जात नाही. ज्या अपयशाचे कारण सापडत नाही त्याने ती जाते.

तिसरा आक्षेप जरा शहाणा आहे. ‘ड्रायव्हर मॉड्यूल लावा, सगळे तेच सांभाळते.’ मॉड्यूल हवेच, पण ते काय सांभाळते हे माहीत नसेल तर निवड आंधळी होते. एल२९८ ही जुन्या, बायपोलर ट्रान्झिस्टरांची चिप आहे. एका अँपिअरला तिच्यातच दोन-तीन व्होल्ट उष्णता होऊन जातात. बारा व्होल्टच्या मोटरला ते चालून जाते, सहा व्होल्टच्या खेळण्यातल्या मोटरला चालत नाही. मॉसफेटवर चालणारी टीबी६६१२ त्याच प्रवाहाला अर्ध्या व्होल्टच्या आसपास घेते. ड्रायव्हर नको, ट्रान्झिस्टरच लावतो म्हणणारे बीसी५४७ उचलतात, ज्याची मर्यादा शंभर मिलिअँपिअर आहे. किंवा आयआरएफझेड४४एन, जो पूर्ण उघडायला गेटवर दहा व्होल्ट लागतात आणि पिन देते पाच. एका अक्षराचा फरक असलेला आयआरएलझेड४४एन पाचवर उघडतो. दुकानदार दोन्ही एकाच डब्यातून काढून देतो.

मग शिकवायचे कसे? माझे म्हणणे एवढेच की क्रम उलटा करा. लॅपटॉप बंद ठेवा, मल्टिमीटर काढा. मोटरच्या दोन टोकांचा रोध मोजा. ब्रश कुठे टेकले आहेत त्यावर आकडा बदलतो, म्हणून शाफ्ट थोडा थोडा फिरवून मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा. पुरवठ्याच्या व्होल्टला त्याने भागा. आलेला प्रवाह म्हणजे ही मोटर अडकली तर जे मागेल ते. आठवीतल्या मुलाला हा भागाकार येतो, आणि इथे तो पहिल्यांदा त्याच्या हातातल्या वस्तूबद्दल काहीतरी सांगतो.

या आकड्यावरून पुरवठा ठरतो. पाच निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल एए सेल घेतले तर प्रत्येकी १.२ प्रमाणे सहा व्होल्ट होतात, आणि अँपिअरभर प्रवाह देताना ते दबत नाहीत. लिथियमचे १८६५० सेल ताकदवान आहेत, पण शॉर्ट झाले तर आग लागते. संरक्षण सर्किट आणि फ्यूज नसेल तर मुलांच्या हातात ते देऊ नयेत. मोटर या सेलवर, बोर्ड वेगळ्या यूएसबी पुरवठ्यावर. (काही पॉवर बँक उनोचा किरकोळ प्रवाह पाहून आपोआप बंद होतात, तेही आधी तपासावे.) पुरवठे वेगळे असले तरी दोन्हींचे ग्राउंड जोडलेच पाहिजे, नाहीतर ड्रायव्हरला पिनचा सिग्नल कशाच्या तुलनेत वाचायचा तेच कळत नाही. टीबी६६१२ सरासरी १.२ अँपिअर पेलते आणि क्षणिक ३.२, बीओ मोटरची सुरुवातीची उसळी त्यात बसते, मात्र चाक बराच वेळ अडकून राहिले तर ती तापणार, हेही सांगून ठेवावे. एकच ट्रान्झिस्टर वापरत असाल तर मोटरला उलटा डायोड, १एन४००७ किंवा त्याहून बरा शॉट्की १एन५८१९. मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, ड्रायव्हरच्या पुरवठ्याशी ४७० मायक्रोफॅरडचा. मोटरचा प्रवाह ब्रेडबोर्डच्या पट्ट्यांतून नेऊ नका.

यात फार तर दोन तास जातात. त्यानंतर लिहिलेला प्रोग्राम चुकला तर चूक प्रोग्राममध्येच शोधायची, हे नक्की असते. शिकणाऱ्याला याहून मोठा आधार मी देऊ शकत नाही.

२०१६ साली सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. तिथल्या शिक्षकांना आणि विज्ञान प्रदर्शनाच्या परीक्षकांना माझी विनंती आहे. रोबो कसा चालतो हे पाहून झाल्यावर चाक क्षणभर हाताने अडवा आणि मुलाला विचारा, आता ही मोटर किती अँपिअर घेते आहे आणि ते कुठून येतात. उत्तराला गुण द्या.